सांगलीत बसून ट्रेडमार्कची वकिली

नमस्कार मंडळी. सांगलीत वकील म्हटलं की लोकांना जमिनीच्या केसेस आठवतात नाहीतर फौजदारी, आणि मी ट्रेडमार्क, पेटंट, धंद्याचे करार बघते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, मग मॅडम तुम्ही मुंबईला का नाही जात? म्हणून आज जरा सांगते की हे काम इथंच किती पडलंय.

आता हेच बघा. वडिलांनी मसाल्याचा धंदा उभा केलेला असतो, कित्येक वर्षं एकाच नावानं पुडी विकली जाते, आणि भाऊ वाटणीला बसले की शेड, चक्की, टेम्पो, बाजारातली उधारी सगळं कागदावर येतं, फक्त पुडीवरचं नाव कुणाचं हे कुठंच लिहिलेलं नसतं. मग दोघंही तेच नाव वापरतात, एक 'ओरिजिनल' छापतो, दुसरा वडिलांचा फोटो लावतो, आणि गिऱ्हाईक दोघांकडचंही तुटतं. खरं तर त्या घरातली सगळ्यात महागाची वस्तू ते नावच असतं! वाटणीपत्रात त्याबद्दल चार ओळी घालणं, हे माझ्या मते या वकिलीतलं सगळ्यात मोलाचं काम, आणि ते कोर्टात कुणाला दिसत पण नाही.

नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर नाही म्हणून हक्कच गेला असं नसतं हं, आधीपासून कोण वापरतंय हे कायदा बघतो, त्यामुळं जुनी बिलबुकं, पावत्या, पेपरातली जाहिरात रद्दीत घालू नका. पण रजिस्टर केलेलं कधीही बरं. दहा वर्षं चालतं, पुढं रिन्यू करत राहायचं, आणि ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळं नक्कल दिल्लीत झाली तरी दावा आपण जिथं धंदा करतो तिथल्या जिल्हा कोर्टात लावता येतो.

हळदीचं तर तुम्हाला माहीतच असेल. १९९५ ला अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट, म्हणजे नव्या शोधावरचा मालकी हक्क, दिलं गेलं, जे आपल्या प्रत्येक घरात चालतं त्याचं! शास्त्रज्ञ डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्या संस्थेनं जुने ग्रंथ, लेख असे ३२ संदर्भ पुढं केले आणि १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. हळदीच्या जिल्ह्यातल्या लॉच्या पोरांनी ही केस मुळापासून वाचावी असं मला फार वाटतं, कारण लढाई कागदाच्या जोरावर जिंकली गेली.

आज सांगलीच्या हळदीला, बेदाण्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची कायदेशीर नोंद, आहे, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला मिळालं, शेजारी साताऱ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा. पण पेपरात बातमी आली म्हणजे झालं असं नाही, शेतकऱ्यानं, कारागिरानं स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि ते फॉर्म समजावून भरून देणारं माणूस गावात लागतं.

आणि द्राक्षबागेसाठी फवारणीचं नवीन मशीन बनवणारे आपले फॅब्रिकेटर, त्यांना एकच सांगणं, आधी पेटंटचा अर्ज टाका, मग कृषी प्रदर्शनात स्टॉल लावा. एकदा चारचौघांत दाखवलं की ते नवीन राहत नाही. सगळं तयार नसलं तरी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो, पूर्ण माहिती द्यायला १२ महिने मिळतात.

शिक्षण म्हणाल तर बारावीनंतर पाच वर्षं किंवा डिग्रीनंतर तीन, मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि बारची परीक्षा. बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालं असेल तर पेटंट एजंटची परीक्षा पण द्याच. सुरुवातीला पैसा हळू येतो, तेवढी तयारी घरच्यांनी ठेवावी. आणि करार मराठीत लिहायला शिका, दोन्ही पार्टनरना कळेल असा, तो कायद्यानं तितकाच पक्का असतो.

ट्रेडमार्कचे अर्ज आता ऑनलाइन जातात, सुनावण्या व्हिडिओवर होतात, ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालंय आणि सांगली, सातारा दोन्ही त्यात येतात. त्यामुळं ज्यांना या कामात यायचंय त्यांनी बिनधास्त इथंच ऑफिस टाकावं, मार्केट यार्डाजवळ मिळालं तर आणखी चांगलं.