वाजवताना ठेका छान, प्ले केल्यावर लंगडा: सिक्वेन्सरमधलं क्वांटाइझ

नमस्कार मंडळी, नाशिकहून तुमचं स्वागत. नवरात्र जवळ आली की कमेंटमध्ये एकच तक्रार सुरू होते: "दादा, हींचचा (गरब्याचा) ठेका वाजवताना मस्त होता, प्ले केला की लंगडतोय." कुणाला वाटतं मशीन बिघडलं, कुणाला वाटतं आपला हातच कच्चा. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. तर आज लॅपटॉप बंद, फक्त वर्कस्टेशन, म्हणजे आवाज आणि रेकॉर्डिंग दोन्ही असलेला कीबोर्ड, आणि त्याच्या पोटातला सिक्वेन्सर, म्हणजे वाजवलेल्या नोटा साठवून पुन्हा वाजवणारा भाग.

बेसिक भरभर उरकतो. नवीन सॉन्ग घ्या, टेम्पो लावा, ट्रॅक १ वर ड्रमकिट, २ वर बेस, ३ वर स्ट्रिंग्ज. रेकॉर्ड दाबा, मग स्टार्ट. मिडीचे (वाद्यांना नोटांच्या सूचना पोहोचवणाऱ्या पद्धतीचे) चॅनल १६, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये ट्रॅकही १६. १९८८ च्या कोर्ग एम-१ मध्ये ८ च होते, आणि त्यावरही लोकांनी अख्खी गाणी बांधली. आधीचं ठेवून वर वाजवायचं असेल तर ओव्हरडब, पुसून नवीन हवं असेल तर ओव्हरराइट. मधलेच दोन बार (आवर्तनं) चुकले तर पंच-इन, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करायचा. आणि पहिला बार मोकळा सोडा. आवाजाची निवड, व्हॉल्यूम, पॅन ही सगळी माहिती सुरुवातीलाच मशीनमध्ये जाते. तिला सवड मिळाली नाही तर पहिला सूर भलत्याच आवाजात येऊ शकतो.

आता क्वांटाइझ, म्हणजे वाजवलेली प्रत्येक नोट ठरलेल्या जवळच्या घरावर सरकवणं. ही घरं म्हणजेच ग्रिड, आणि १/१६ म्हणजे एका मात्रेत चार घरं. रेकॉर्ड करण्याआधीच १/१६ लावून बसणं, हे मला अजिबात पटत नाही.

नीट बघा. कोर्ग क्रोनॉस किंवा यामाहा मोटिफमध्ये एका मात्रेचे (क्वार्टर नोटचे) ४८० टिक, म्हणजे वेळेचे बारीक भाग, असतात. हींच, दादरा यांच्या चालीत एका ठोक्याचे तीन भाग पडतात, म्हणजे ०, १६० आणि ३२० टिकवर आघात. हा माझा ट्रॅक, इव्हेंट एडिट, म्हणजे प्रत्येक नोंदीची यादी, उघडतो. बार ५, पहिली मात्रा, दुसरा आघात १६३ वर, तिसरा ३१८ वर. माणसाचा हात आहे, दोन-तीन टिक इकडेतिकडे होणारच. आता १/१६ चं क्वांटाइझ देतो. त्याची घरं ०, १२०, २४०, ३६०. बघा, १६३ गेला १२० वर आणि ३१८ गेला ३६० वर! सारखी तीन अंतरं होती, त्यांची झाली १२०, २४०, १२०. हाच तो लंगडेपणा. मशीनला ताल कळत नाही, त्याने फक्त जवळचं घर गाठलं.

मग उपाय काय? एक, ग्रिड ट्रिपलेटची, म्हणजे ठोक्याचे तीन सारखे भाग करणारी, निवडा. दोन, सॉन्गचं मीटरच 6/8 ठेवा, मग साधं १/८ चालतं. मात्र टेम्पोचा आकडा बहुतेक मशीनवर क्वार्टर नोटचा असतो, त्यामुळे पायाने धरलेला ठोका १२० असेल तर 6/8 मध्ये १८० लावावे लागतात. इथे फार जण अडकतात आणि "गाणं आपोआप स्लो झालं" म्हणतात.

तेच आता दुसऱ्या बाजूने सांगतो. आधी क्वांटाइझ लावलंत तर तुमच्या हाताची मूळ वेळ कुठे साठवलीच जात नाही. १६३ कधी आला होता, याचा पुरावाच उरत नाही. नंतर लावलंत तर मूळ ट्रॅक हातात असतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी क्वांटाइझ बंद, मग ट्रॅक कॉपी करा, मूळ म्यूट करा आणि कॉपीवर प्रयोग करा. नुसत्या अनडूवर भिस्त नको, काही मशीनवर ते एकच पाऊल मागे नेतं.

आणि तिसरी बाजू, मींड. बासरीचा आवाज घेऊन पिच बेंडने (सूर वर-खाली ओढणाऱ्या दांड्याने किंवा चाकाने) सूर ओढलात आणि क्वांटाइझमध्ये बेंडचा डेटाही धरला गेला, तर ती गुळगुळीत मींड पायऱ्या-पायऱ्यांची होते. 'फक्त नोट' असा पर्याय असेल तर तोच निवडा.

एकाने लिहिलंय, "प्रोफेशनल लोक सगळं शंभर टक्के क्वांटाइझ करतात." नाही हो. गणपतीच्या आधी गोदाकाठी ढोल पथकांचा सराव चालतो, तिथे जाऊन उभे राहा. ताशाची तर्री ऐका. ती ग्रिडवर करकचून बसवली तर शिवणयंत्र चालल्यासारखी वाजेल. क्वांटाइझ किती जोरात लागू करायचं याची एक सेटिंग असते, स्ट्रेंग्थ म्हणा, इंटेन्सिटी म्हणा, मशीनप्रमाणे नाव बदलतं, ती ५०-६० टक्क्यांवर ठेवून ऐका. सूर घराकडे सरकतो, पण पूर्ण चिकटत नाही. बेस आणि किक मी जास्त घट्ट करतो, ढोलकी आणि तबल्याला शक्यतो हात लावत नाही.

अजून एक, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. "नोटा पुसल्या तरी पुढच्या बारमध्ये स्ट्रिंग्ज लटकून राहतात." नोटा गेल्या, पण सस्टेन पेडल दाबल्याची नोंद तिथेच आहे आणि सोडल्याची पुसली गेली. इव्हेंट लिस्टमध्ये कंट्रोलर ६४ (सस्टेन पेडलचा क्रमांक) शोधा आणि दाबल्याची ती नोंदही काढून टाका.

आणि सेव्ह करा, मंडळी. बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये सॉन्ग कच्च्या मेमरीत असतं, वीज गेली की गेलं. प्रत्येक ट्रॅक झाला की पेनड्राइव्हवर, दरवेळी नवीन नावाने.

तुमचा ठेका अजूनही लंगडत असेल तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: मशीनचं मॉडेल, सॉन्गचं मीटर आणि कोणती ग्रिड लावली होती. नुसतं "दादा, चालत नाही" लिहिलं तर मला काहीच सांगता येत नाही.