सोन्याचा दीपवृक्ष

रोममधली ही टायटसची कमान, साधारण इ.स. ८१ ची. तिच्या आतल्या भिंतीकडे बघा. डोक्याला पानांचे मुकुट बांधलेले रोमन सैनिक लूट खांद्यावरून मिरवत नेतायत. त्यात सात दिव्यांचा एक भला मोठा दिवा आहे. हाच मेनोरा, यहुद्यांच्या मंदिरातला पवित्र दिवा. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर जाळलं गेलं, त्या लुटीतला.

मराठी बायबलने त्याला फार सुरेख शब्द दिलाय: दीपवृक्ष. आणि तो खरोखरच झाड आहे! बायबलमधल्या 'निर्गम' पुस्तकात त्याची घडण सांगितलीय. शुद्ध सोनं, तीसेक किलो. जोडकाम नाही. बुंधा, फांद्या, कळ्या, फुलं, सगळं एकाच सोन्यातून ठोकून घडवायचं. फुलांच्या वाट्या बदामाच्या आकाराच्या. त्या प्रदेशात थंडी सरायच्या आत सगळ्यांत आधी बदाम फुलतो. हिब्रूत त्याला 'शाकेद' म्हणतात, आणि 'जागं राहणं' हा अर्थही त्याच धातूचा. संध्याकाळपासून सकाळपर्यंत तेवणाऱ्या दिव्याला याहून शोभणारं फूल मला तरी सुचत नाही.

सातच दिवे का? कुणी म्हणतं, सृष्टीचे सात दिवस, आणि मधली ज्योत शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाची. पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराला त्यात सात ग्रह दिसले.

मंदिर गेलं, आणि पुढे तल्मूद या यहुदी धर्मग्रंथात नियम आला की मंदिरातल्यासारखा सात फांद्यांचा दिवा कुणी घडवू नये. (हनुक्का या यहुदी सणाला घरोघरी लागतो तो नऊ दिव्यांचा, तो वेगळा.) मग लोकांनी तो चितारला. सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाच्या फरशीवर, मातीच्या पणत्यांवर, खुद्द रोमच्या भुयारी दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर. मूळ सोन्याचा दिवा कधीच परत आला नाही.

१० फेब्रुवारी १९४९ ला इस्राएलने राजचिन्ह स्वीकारलं. गॅब्रिएल आणि मॅक्सिम शमीर या भावांनी ते रेखाटलं. दिवा घेतला तो टायटसच्या कमानीवरचा, त्याच्या जड, पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीसकट. मुख्य रब्बी (यहुदी धर्मगुरू) हर्झोग यांनी हरकत घेतली: ही बैठक परकी आहे, खऱ्या दिव्याला तीन पाय होते. जुन्या मोझेकांमध्ये तीन पायच दिसतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं. तरीही पळवून नेलेला तोच दिवा परत आणायची ओढ समजते.

चिन्हात दोन्ही बाजूंचे सैनिक मात्र नाहीत. तिथे जैतुनाच्या दोन फांद्या आहेत. बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात दिव्याच्या उजवीडावीकडे जैतुनाची दोन झाडं उभी असतात, आणि त्यांच्यातून सोनेरी तेल वाहत असतं.