ङ-ला पाच पानं
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात आलेली तुम्ही तीस-पस्तीस माणसं. पत्रिकेत विषय छापलाय, 'कृत्रिम भाषेतील शब्दसंग्रहाची मांडणी'. हे वाचूनही आलात, म्हणजे एकतर तुम्हाला विषयाची गोडी आहे, नाहीतर छत्री घरी राहिली आहे. (हशा) मला चाळीस मिनिटं दिलीत. त्यात शब्द लावायच्या तीन तऱ्हा सांगतो: अकारविल्हे, म्हणजे अक्षरांच्या क्रमानं; धातूंखाली, म्हणजे शब्दांच्या मुळांखाली; आणि अर्थाच्या खणांत. शेवटी कार्डांची एक पद्धत सांगणार आहे. ती तुमच्यापैकी जे गुपचूप भाषा रचतात त्यांच्यासाठी. असतात, मला माहीत आहे. मागच्या रांगेत बसतात आणि प्रश्न विचारायचे सोडून जिन्यात गाठतात.

लोक आधी शब्द पाडतात आणि मग ते लावायला बसतात. माझ्या मते भाषा इथेच बुडते. खण आधी ठरले पाहिजेत. हे मला कुठल्या ग्रंथातून कळलेलं नाही, आत्याच्या चुलीपाशी कळलं. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं भराभर होईल.

राजापूरजवळ आत्याचं घर. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे. मी अकरा वर्षांचा, आतेभाऊ बारा. घरामागे खोपटं होतं, त्यात लाकडं, शेणी आणि नारळाची सोडणं. तिथे बसून आम्ही भाषा केली. खोपट्यात केली म्हणून तिचं नाव खोपटी. आता भाषा म्हटली की शब्दकोश हवा, आणि शब्दकोश म्हटला की वही. दोनशे पानी वही आणली आणि मोठ्या न्यायबुद्धीनं बाराखडीतल्या झाडून सगळ्या अक्षरांना सारखी पानं वाटली, प्रत्येकी चार, कधी पाच. क-ला पाच, ल-ला पाच, ङ-ला पाच, ञ-ला पाच. ळ-लासुद्धा. आतेभाऊ तत्त्वाचा माणूस, पुढे सरकारी हिशेबखात्यात गेला. (हशा)

आठवड्यात काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. क भरून वाहायला लागला आणि ङ कोरा. आत्याचे यजमान कागद फुकट घालवण्याच्या फार विरुद्ध. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "ही पानं कशाला ठेवलीत मोकळी?" झालं. दुसऱ्या दिवसापासून नवा शब्द ळ-पासून. कच्ची करवंदं म्हणजे ळुबी. विहिरीच्या रहाटाचा आवाज म्हणजे ळंगा. ङ मात्र शेवटपर्यंत जमला नाही. पंधरा मिनिटं तोंड वेडंवाकडं करून बघितलं, मग आत्यानं विचारलं दात दुखतोय का.

हसू नका, यात एक गंभीर गोष्ट आहे. आमच्या भाषेचा आवाज आमच्या कानानं ठरवला नाही, वहीच्या रिकाम्या पानांनी ठरवला. वहीनं आणखी एक केलं. शब्द अक्षराखाली गेले, त्यामुळे आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे दिसेनाच. सुट्टी संपताना मोजलं तेव्हा विटीदांडूतल्या रडीला अकरा शब्द निघाले. पाण्याला एकही नाही. कोकणात! पाण्याला शब्द नाही!

पण खरा दणका आत्यानं दिला. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बोला बघू तुमच्या भाषेत. भूक लागली?" आम्ही बोललो. त्यात 'लागणे'ला शब्द होता 'झुप'. "बरं, ठेच लागली?" त्यातही झुप. "दिवे लागले?" झुप. "डोळा लागला? पावसाची झड लागली? पोराला खोड लागली? आमटी आंबट लागली?" झुप, झुप, झुप, झुप. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "अरे, मग ही च-ची भाषाच की. आम्ही पाण्याला चाणीप म्हणायचो. तुम्ही जरा लांबून गेलात एवढंच."

आत्या चौथी शिकलेली. भाषाविज्ञानाच्या वर्गात जे पुढे मला दोन वर्षं घेऊन शिकवलं, ते तिनं एका भाकरीत सांगितलं. मराठीत 'लागणे' या एका खुंटीवर भूक, ठेच, दिवा, डोळा, झड, खोड आणि आंबटपणा एवढं सगळं टांगलेलं आहे. इंग्रजी माणूस यातल्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेनं जातो. आम्ही मराठी शब्दांची यादी समोर ठेवून दर ओळीला एक नवा आवाज बसवला होता. मराठीच्या अंगावर बुरखा घातला होता, आत मराठीच चालत होती. आजही भाषा रचणारे निम्मे लोक हेच करतात. डावीकडे मराठी किंवा इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला. दोन हजार ओळी झाल्या की म्हणतात, भाषा झाली.

तर मी मोठेपणी खोपटी पुन्हा हाती घेतली, सहाशे चाळीस शब्द अर्थाप्रमाणे लावले आणि एका दिवाळी अंकाला दिले. नाव घेत नाही. पहिला खण होता 'ओल'. कोकणातल्या भाषेचा पहिला खण दुसरा कुठला असणार? मराठीतच बघा: पापड सादळतो, कपड्याला कुबट वास येतो, पोर चिंब होतं, छत्री निथळते, भिंत पाझरते. यात पाणी हा शब्द कुठेच नाही, आणि सगळीकडे पाणीच आहे. हे एका जागी ठेवलं की लक्षात येतं, भिंतीतून आत आलेल्या ओलीला आणि माणसानं बाहेरून आणलेल्या ओलीला खोपटीत दोन शब्द हवेत. ते मी केले. खेकड्याला सात शब्द होते, नांगीचे, बिळाचे, पकडताना हात कुठून घालायचा त्या बाजूचे. ते सगळे शेजारी शेजारी.

अंक आला. संपादकांनी 'वाचकांच्या सोयीसाठी' यादी अकारविल्हे लावून छापली होती! (हशा) खेकड्याची नांगी चौथ्या पानावर, बीळ नवव्यावर. सहाशे चाळीस शब्दांचा नुसता भुगा. मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, शोधायला सोपं जातं ना." मी म्हटलं, "ज्या भाषेतला एकही शब्द कुणाला माहीत नाही, त्या भाषेतला शब्द कोण शोधणार आहे?" यावर फोनवर शांतता पसरली. मानधनही आलं नाही, पण तो वेगळा विषय.

असो. माझं दुखणं जुनं आहे, आणि माझ्याआधी ते जॉन रे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला झालं होतं. त्यासाठी सतराव्या शतकातल्या लंडनला जावं लागेल. जॉन विल्किन्स. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या बहिणीचा नवरा, आणि राजेशाही परत आल्यावरही बिशप झालेला. म्हणजे खण बदलण्यात मुळातच तरबेज. (हशा) त्यानं १६६८ साली एका तत्त्वज्ञानी भाषेचा मोठा ग्रंथ काढला. १६६६च्या लंडनच्या आगीत छापून झालेला बहुतेक भाग जळाला होता, तरी पठ्ठ्यानं पुन्हा उभा केला. कल्पना अशी: विश्वातल्या सगळ्या वस्तूंचे चाळीस मोठे वर्ग करायचे, वर्गांचे पोटभेद, पोटभेदांच्या जाती. आणि शब्द म्हणजे त्या वस्तूचा पत्ता. 'दे' म्हणजे मूलतत्त्व, आपलं महाभूत म्हणा. 'देब' म्हणजे त्यातला अग्नी. 'देबा' म्हणजे अग्नीतली ज्वाला. शब्द ऐकला की वस्तू कुठल्या कपाटातल्या कुठल्या खणात आहे ते कळावं. कोशाची गरजच नाही, भाषा हाच कोश!

मला हा माणूस फार आवडतो. त्यानं खण आधी केले. पण पुढे बघा. प्राण्यांचे तक्ते करताना तो बायबलमधल्या नोहाच्या नौकेत शिरला. सगळे प्राणी तिच्यात मावतात का, याचा त्यानं नकाशासकट हिशेब केला. मांसाहारी प्राण्यांना रोज पाच मेंढ्या, वर्षाच्या १८२५. भाषेच्या पुस्तकात! हे वाचलं तेव्हा मला आतेभावाची आठवण झाली.

वनस्पतींचे तक्ते त्यानं रेकडून करून घेतले. रे बिचारा रानावनात फिरणारा. त्याला सांगितलं, झाडं माझ्या आखलेल्या घरांत बसव, इतके वर्ग, त्यात इतकेच भेद. रेनं बसवली, आणि मग मित्राला पत्रात लिहिलं की निसर्ग नेईल तसं जायचं सोडून लेखकाच्या चौकटीत झाडं कोंबावी लागली. तुम्ही अकारविल्हे कोंबा नाहीतर चाळिसांत कोंबा, कोंबणं ते कोंबणंच.

दुसरं संकट आवाजाचं. शेजारच्या वस्तूंना शेजारचे शब्द, त्यामुळे एका अक्षराची चूक झाली की चूक लक्षातही येत नाही. त्याच्या भाषेत 'गादे' म्हणजे बार्ली, 'गापे' म्हणजे ट्यूलिप. खुद्द त्याच्याच पुस्तकात ट्यूलिपच्या जागी बार्ली पडली आहे. मराठीत मीठ आणि साखर हे शब्द एकमेकांपासून किती लांब आहेत बघा. दोन्ही पांढरे, दोन्ही डबे शेजारी, म्हणूनच ते लांब असलेले बरे.

संगीतवाले इथे आहेत म्हणून एकच मिनिट. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सुद्र नावाच्या संगीतशिक्षकानं सात सुरांची भाषा केली, सोल्‌रेसोल. तिचेही लांब शब्द पहिल्या सुरावरून विषयाच्या खणात जातात. आणि विरुद्ध अर्थ हवा असेल तर शब्द उलटा म्हणायचा. 'दो मी सोल' म्हणजे देव. आपल्या स्वरांत सा ग प. आणि प ग सा म्हणजे सैतान. म्हणजे ज्याच्या आरोहात देव आहे त्या रागाच्या अवरोहात... (हशा) चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे.' मला वाटलं होतं वीस असतील.

मग भराभर. धातूंची तऱ्हा: झामेनहॉफनं रचलेली भाषा, एस्पेरांतो, १८८७. पहिल्या पुस्तिकेत सुमारे नऊशे मुळं, बाकीचं प्रत्ययांवर. 'साना' म्हणजे निरोगी. 'माल' लावलं की उलट, मालसाना म्हणजे आजारी. मालसानुलो आजारी माणूस, मालसानुलेयो आजारी माणसांची जागा, म्हणजे दवाखाना. एका मुळाखाली सगळं कुटुंब. आपल्याला यात नवल नाही, धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, आपल्याच घरचा. धोका एवढाच की दवाखाना हा कायम निरोगीपणाचा पणतू राहतो. खोपटीत दवाखान्याला होडीच्या खणात जागा आहे, कारण जायचं तर तरीतून जावं लागे.

अर्थाचे खण: अमरकोश, अमरसिंहाचा संस्कृत शब्दकोश. तीन कांडं, सुरुवात स्वर्गापासून. पुढे दिशा, काळ, पाताळ, पाणी, मग भूमी, नगर, डोंगर, वनौषधी, सिंहादी प्राणी, माणूस. पाठ करणारा पोरगा शब्दांबरोबर जगाचा नकाशाही पाठ करत होता. पण खण निष्पाप नसतात हेही तिथेच दिसतं. शूद्रवर्ग उघडा. कुंभार, सोनार, चांभार ज्या घरात, त्याच घरात चोर, दारू आणि जुगार. कुणी वेगळं काही बोललेलं नाही, फक्त शेजार दिला आहे. भाषा रचताना तुम्ही कुणाला कुणाशेजारी बसवता ते बघा, त्यावरून तुम्ही कळता.

आणि ज्यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं तो राज्यव्यवहारकोश. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनं झालेला, रघुनाथपंडितांच्या नावावरचा. मुद्दाम घडवलेला शब्दसंग्रह आपल्याकडे हवा असेल तर हा घ्या. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, आणि त्यांचे दहा वर्ग: राजवर्ग, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद, पण्य. लक्षात येतंय? हे शब्दांचे खण नाहीत, राज्याची खाती आहेत. किल्ल्यावरच्या माणसाला आपल्या कामाचे शब्द एका जागी मिळतात. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला; पण दुर्गाला स्वतंत्र वर्ग द्यावा असं वाटणं, हे त्या राज्याचं स्वतःचं. अमराच्या चौकटीत दुर्गवर्ग नाही. सह्याद्रीतल्या माणसालाच तो सुचणार.

कार्डांची पद्धत, तीन वाक्यांत. बुटांचं खोकं घ्या, कोरी कार्डं घ्या, कार्डावर मराठी प्रतिशब्द लिहायचा नाही. दोन प्रसंग लिहायचे जिथे हा शब्द चालतो आणि एक जिथे चालत नाही. शब्द पाडण्याआधी खणांच्या चिठ्ठ्या करा, आणि त्या भाषेची माणसं दिवसभर काय हाताळतात ते बघून करा. अकारविल्हे सूची हवीच असेल तर सगळ्यात शेवटी, वेगळ्या वहीत. ती विल्किन्सनंही ग्रंथाच्या शेवटी जोडली होती, आणि तीही दुसऱ्याकडून करून घेतली होती.

एक खण 'इतर'चा ठेवा. लाजू नका, अमरसिंहानंही संकीर्णवर्ग ठेवलाय. माझ्या खोक्यात तोच सगळ्यात जाड आहे. हो, बघितली घंटा, दोन वाक्यं. त्यात एक शब्द आहे: पाऊस थांबलाय पण पागोळ्या अजून गळतायत, तेवढ्या वेळाचा. तो ओलीत घालू, घरात घालू की काळात, हे तीस वर्षांत ठरलं नाही. परवा आतेभावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ङ-ची पानं अजून मोकळी आहेत.