तीन मिलिमीटर जास्तीची पट्टी

(दृश्य: टेबलावर दोन स्टीलच्या पट्ट्या, एकीला चिकटून दुसरी)

शून्याला शून्य जुळवलंय. आता उजवीकडं बघा. वरच्या पट्टीवरचे 300 खालच्या साध्या पट्टीवर 303 ला आलेत. वरची पट्टी मुद्दामच लांब बनवलेली आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचा लाकडी नमुना, बनवणारे हिला श्रिंकेज स्केल म्हणतात. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापात शेकडा एक मिळवत बसलं, तर दिवसभरात एखादी चूक ठरलेलीच. या पट्टीत ती बेरीज आधीच करून ठेवलीय. ड्रॉइंगवर 240 आहे? हिच्यावरचे 240 घ्या आणि सागवानावर खूण करा. पोलाद जवळजवळ दुप्पट आकसतं, त्याची पट्टी वेगळी. ॲल्युमिनियमची आणखी वेगळी. काका पॅटर्न बनवायचे, त्यांच्या पेटीत तिन्ही आहेत.

(दृश्य: काकांची बोटं, सरकणारी पट्टी, काचेवरची बारीक रेघ)

हा स्लाइड रूल, पट्टी सरकवून गुणाकार करायचं साधन. बांबूचा, वर पांढरं सेल्युलॉइड, जपानी बनावटीचा. 1614 साली स्कॉटिश गणिती नेपियरनं लॉगरिदम मांडले आणि गुणाकाराची बेरीज झाली. इथं ती बेरीज लांबीची होते. कास्टिंगला किती बीड लागेल, ते ओतण्याआधी सांगावं लागे. समजा, 2500 घन सेंटिमीटरचा तुकडा आहे. बिडाची घनता घन सेंटिमीटरला साधारण 7.2 ग्रॅम. मधल्या पट्टीचा उजव्या टोकाचा एक खालच्या अडीचवर आणायचा, काचेची रेघ मधल्या पट्टीच्या 7.2 वर न्यायची, आणि खाली वाचायचं. एक, आठ.

पण अठरा किलो की एकशे ऐंशी? दशांशचिन्ह स्लाइड रूल देत नाही. ते डोक्यातून यावं लागतं. काकांचे ओठ हलताहेत, नीट ऐका: "सात अडीचं साडेसतरा."

म्हणजे अठराच.

मराठी शाळेत घोकलेली अडीचकी ही, म्हणजे अडीचचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. काकांना आजही सगळ्या येतात. पॅटर्नशॉपमध्ये शेजारच्या बाकावरचे गोकाककडचे मिस्त्री हाच हिशेब कन्नडमधून करायचे, आणि दोघांचं उत्तर जुळलं की मगच आकडा खडूनं फळ्यावर जायचा. आम्हाला हे गणित बेळगावच्या ओतकामाइतकंच जपण्यासारखं वाटतं. ते कुठल्या वहीत उतरलेलं नाही. ते या बोटांत आहे.

1972 साली खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांत स्लाइड रूल मागं पडले. आता कॉम्प्युटरवर आकसण्याचा टक्का एकदाच भरतात. काकांचं पॅटर्नशॉप बंद झालं.

(दृश्य: सोप्यात नातू गृहपाठ करतोय. वहीला समास आखायला पेटीतली एक पट्टी उचलतो.)

"ती नको रे बाळा. बिडाची हाय ती."

(काका खिशातली साधी पट्टी काढून त्याच्यापुढं ठेवतात.)