दर्शनी बाजू आणि मागचा चौक : पायी फिरताना सेंट पीटर्सबर्ग

(दृश्य : नेवा नदीचं रुंद पात्र. पलीकडे किल्ल्यातल्या चर्चचं सोनेरी टोक.)

या शहराच्या मध्यभागात टेकडी नाही, चढ नाही. नेवा नदी जिथे फिनलंडच्या आखाताला मिळते, त्या दलदलीच्या मुखाशी १७०३ साली रशियाचा झार पीटर द ग्रेट यानं सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं. जमीन पाण्यापेक्षा जेमतेम वर. त्यामुळे इथे पायी निघालेला माणूस वाट चुकला की मान वर करतो. ॲडमिरल्टी या जुन्या नौदल इमारतीच्या सुळक्यावरचं चिमुकलं जहाज, नदीपलीकडे किल्ल्यातल्या चर्चच्या टोकावरचा देवदूत, नाहीतर सेंट आयझॅक कॅथीड्रलचा घुमट, यांतलं काही ना काही दिसतंच.

ते दिसतं, कारण तसा हुकूम होता. १८४४ मध्ये झार निकोलस पहिला यानं फर्मावलं की कुणाचंही खासगी घर हिवाळी राजवाड्याच्या कंगोऱ्यापेक्षा उंच होता कामा नये. म्हणजे साधारण साडेतेवीस मीटर. उंच जायची मुभा चर्चना. पुढे शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीला इथल्या मुख्य रस्त्यावर, नेव्स्की प्रॉस्पेक्टवर, अमेरिकी थाटाची उंच इमारत बांधायची होती. ते काही जमलं नाही. मग १९०४ मध्ये नियमात बसणारी इमारत उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर काचेचा मनोरा चढला. मनोरा म्हणजे घर थोडंच! आज तिथे पुस्तकांचं मोठं दुकान आहे.

पीटर तर याच्याही पुढे गेला होता. १७१४ मध्ये त्यानं उरलेल्या रशियात दगडी बांधकामालाच बंदी घातली, म्हणजे गवंडी झक मारत इकडे येतील. शहरात येणाऱ्या गाड्यांनी आणि जहाजांनी सोबत ठरावीक दगड आणायचे. जकात वसूल व्हायची ती दगडांत.

(दृश्य : राजवाड्यासमोरचा चौक.)

चला, राजवाड्यासमोरच्या चौकात. मधोमध अलेक्झांडर स्तंभ आहे, साडेसत्तेचाळीस मीटर उंच, १८३४ चा. हा ग्रॅनाइटचा खांब चौथऱ्यात रोवलेला नाही, नुसता ठेवलेला आहे. स्वतःच्या वजनावर उभा. पलीकडे कार्लो रोसीनं बांधलेली लष्करी मुख्यालयाची अर्धगोल इमारत आणि तिची भव्य कमान. कमानीखालून चालताना लक्ष ठेवा. एकीपाठोपाठ एक कमानी लागतात आणि वाट हळूच वळते. मागचा रस्ता चौकाला तिरका येऊन मिळतो, तो तिरकेपणा रोसीनं कमानींच्या आड दडवला. गाडीतून आलात तर ही गंमत हुकते.

नेव्स्कीवर पोचलात की १४ नंबरच्या इमारतीपाशी थांबा. भिंतीवर निळ्या चौकटीत पांढरी अक्षरं आहेत. नागरिकांना सांगितलंय : तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४, असे ८७२ दिवस जर्मन सैन्यानं हे शहर, तेव्हाचं लेनिनग्राड, वेढलं होतं. तोफा दक्षिण आणि नैर्ऋत्येला होत्या, म्हणून गोळे रस्त्याच्या उत्तरेकडच्या भिंतींवर येऊन आदळत. मूळ सूचना युद्धाच्या काळातल्या. आज दिसते ती नंतर पुन्हा रंगवलेली. खाली बहुतेक वेळा फुलं ठेवलेली असतात.

तोफखान्याला नेम धरायला खुणा मिळू नयेत म्हणून त्या काळात गिर्यारोहकांनी सुळक्यांवर चढून सोनं झाकलं. ॲडमिरल्टीच्या सुळक्याला कापडाची खोळ घातली. पुढे फोंतांका नदीवरच्या अनिच्कोव पुलावर चार घोड्यांचे पुतळे दिसतील, शिल्पकार प्योत्र क्लोद्तचे. ते तेव्हा खाली उतरवून शेजारच्या बागेत पुरून ठेवले होते. एका चौथऱ्याच्या ग्रॅनाइटवरचा गोळ्याचा ओरखडा मात्र मुद्दाम बुजवलेला नाही. खाली पाटी आहे : शहरावर पडलेल्या १,४८,४७८ गोळ्यांपैकी एकाची ही खूण. पाटी लहान आहे. घोड्यांचे फोटो काढण्याच्या नादात बहुतेकांना ती दिसत नाही.

(दृश्य : कझान कॅथीड्रलचे अर्धवर्तुळाकार खांब.)

थोडं मागे येऊ, सिंगरच्या इमारतीसमोर. कझान कॅथीड्रलचे खांब दोन्ही बाजूंनी बाहू पसरून रस्त्याकडे बघतात. पाहणाऱ्याला वाटतं, हीच दर्शनी बाजू. वास्तविक ही चर्चची कूस आहे. ऑर्थोडॉक्स रिवाजाप्रमाणे वेदी पूर्वेला, मुख्य दार पश्चिमेला. आणि नेव्स्की पडला उत्तरेला. म्हणून भूदासाच्या, म्हणजे जमीनदाराशी बांधलेल्या कुळाच्या, घरात जन्मलेल्या वास्तुकार वोरोनिखिननं कुशीलाच सजवलं. अख्ख्या शहराचा स्वभाव मला या एका इमारतीत दिसतो. रस्त्याला तोंड हवं, मग आत काहीही असो.

आत काय आहे ते बघायचं तर कुठल्याही जुन्या इमारतीच्या बोळातून मागे शिरा, दार उघडं असेल तर. जागा महाग, उंची बांधलेली, म्हणून मालकांनी मागे-मागे चौक काढले. चारी बाजूंनी पाच-सहा मजली भिंती, रंग उडालेला, वर आभाळाचा चौकोनी तुकडा. पीटर्सबर्गचे लोक यांना विहीर-चौक म्हणतात. १९१७ च्या क्रांतीनंतर इथले मोठे फ्लॅट तोडून एकेका खोलीत एकेक कुटुंब घातलं गेलं, स्वयंपाकघर सामायिक. तशी बिऱ्हाडं अजूनही आहेत. माणसं राहतात, तेव्हा आवाज बेतानं.

(दृश्य : वासिल्येव्स्की बेट.)

राजवाड्याशेजारच्या पुलावरून वासिल्येव्स्की बेटावर या. उजवीकडे जहाजांची पुढची टोकं जडवलेले लाल स्तंभ, डावीकडे काठावर कुन्स्तकामेरा हे पीटरचं संग्रहालय आणि त्याच्या शेजारी विज्ञान अकादमीची जुनी इमारत. याच अकादमीनं १८५५ ते १८७५ या काळात बोटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश छापला. संस्कृतच्या कित्येक अभ्यासकांना या शहराचं नाव आधी कळतं ते त्या कोशामुळे. मुंबईकरांसाठी आणखी एक : मुंबईच्या तळावरची युद्धनौका आयएनएस तलवार याच बेटावरच्या बाल्टिक गोदीत बांधली गेली.

एका गोष्टीला मात्र झारांचा हुकूम लागू पडला नाही. आखातावरून पश्चिमेचा जोरदार वारा सुटला की समुद्राचं पाणी नदीच्या मुखात घुसतं आणि नेवा फुगते. १८२४ च्या नोव्हेंबरात ती चार मीटरांहून जास्त चढली, शेकडो माणसं गेली. आखातात आडवा बांध पूर्ण व्हायला २०११ साल उजाडलं.

आता कामाचं. जूनमध्ये इथे रात्र काळोखी होत नाही, आणि फिरणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही. पण मोठी जहाजं जाण्यासाठी नेवावरचे पूल मध्यरात्रीनंतर उचलले जातात. राजवाड्याजवळचा साधारण सव्वाच्या सुमारास. पूल वर उचलला जाताना बघायला काठावर गर्दी लोटते. जरूर बघा. फक्त आपलं हॉटेल कुठल्या काठावर आहे ते आठवून त्याच काठावर उभे राहा, कारण मेट्रो तोवर बंद झालेली असते आणि चालत पलीकडे जायला पूल खाली यायची वाट बघावी लागते.