रॉकेट मालवणातून का सुटत नाही?

(मालवण जेटी, सकाळ. समोर पाण्यात सिंधुदुर्ग.)

होडी अजून बांधलेली नाही. दोरी धरून पोरगा जेटीवर उडी टाकतो आणि त्याच क्षणी होडी मागे सरकते. कधी इतकी, की पोरगा थेट पाण्यात. रॉकेटचं अर्धं शास्त्र इथेच झालं. न्यूटनने 1687 मध्ये ते नियमात बसवलं. खलाशांना ते गुडघे फोडून घेऊन आधीच ठाऊक होतं.

आता होडीत दगड भरा आणि एकेक मागे भिरकावत सुटा. दर दगडागणिक होडी थोडी पुढे. रॉकेट दगडांऐवजी तापलेला वायू फेकतं, सेकंदाला दोन-चार किलोमीटर वेगाने. वल्ह्याला रेटायला पाणी लागतं. रॉकेटला बाहेरचं काहीच लागत नाही. जळणासाठीचा ऑक्सिजनही ते सोबतच नेतं. म्हणून हवा नसली तरी ते पळतं, उलट जोर जरा वाढतोच.

चांद्रयान-3 नेणारं एलव्हीएम-3 रॉकेट जमिनीवरून सुटताना सुमारे 640 टनांचं होतं. यान चार टनांच्या आतलं. बाकी बहुतेक सगळे 'दगड'च!

(मागून पोराचा आवाज: "काका, आमच्या हयसून रॉकेट कित्याक सुटना नाय?")

प्रश्न रास्त आहे. समुद्र आहे, पण पश्चिमेला. उपग्रहाला नुसतं उंच जाऊन भागत नाही. सेकंदाला जवळपास 8 किलोमीटर असा आडवा वेग लागतो, नाहीतर तो खाली येतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. ही जेटीसुद्धा आत्ता सेकंदाला सुमारे 450 मीटर वेगाने पूर्वेला निघालीय. पूर्वेकडे झेपावणाऱ्याला हा वेग आयता मिळतो. पण इथून पूर्वेला सोडलं तर जळण संपून सुटे झालेले रॉकेटचे भाग घाटापलीकडच्या गावांवर. पश्चिमेला सोडलं तर पृथ्वीची ती उधारी आधी फेडा. इस्रायल नाइलाजाने भूमध्य समुद्रावरून पश्चिमेलाच सोडतो आणि कमी वजन नेतो. श्रीहरिकोटाच्या पूर्वेला मात्र बंगालचा उपसागर मोकळा.

(सूर्यास्त. क्षितिजावर परतणाऱ्या होड्या.)

तरी हा अरबी समुद्र अगदीच कोरा नाही. 21 नोव्हेंबर 1963 ला याच किनाऱ्यावर, दक्षिणेला केरळातल्या थुंब्याहून, एक छोटं रॉकेट उडालं. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे होकायंत्राची सुई वर-खाली न झुकता आडवी राहते ती रेषा, तिथून जवळ, वरच्या वातावरणाचा अभ्यास करायचा होता. कक्षेत राहायचं नव्हतंच, त्यामुळे पूर्व-पश्चिमेची भानगडही नाही. वर जायचं, सोडियमची वाफ सोडायची, खाली यायचं. त्या संध्याकाळी केरळच्या आभाळात केशरी ढग चमकला.