जुन्या ट्रकच्या सीट आणि मधला कन्सोल

श्रोतेहो, जुन्या पिकअप ट्रकसाठी दोन वेगळ्या नव्या सीट आणि त्यांच्यामधला कन्सोल, म्हणजे कोपर टेकायची व वस्तू ठेवायची पेटी, करायचे ठरले की बहुतेक जण आधी लेदरचा रंग निवडायला बसतात. माझ्या मते तो या कामातला सर्वांत शेवटचा निर्णय आहे. पहिला निर्णय केबिनमध्ये, स्टिअरिंगच्या चाकासमोर बसूनच घ्यावा लागतो.

१९६७ ते १९७२ या काळातील शेवरोले सी-१० किंवा त्याच काळातील फोर्ड एफ-१०० घ्या. त्यांच्या केबिनमध्ये सहसा एकसंध, लांब बेंच सीट असे आणि तिच्यावर तिघे बसत. शेवरोलेने १९६७ पासून काही ट्रकना ऐच्छिक बकेट सीट, म्हणजे एकेका माणसाच्या वेगळ्या सीट, आणि त्यांच्यामध्ये कन्सोलही दिला होता, त्यामुळे ही मांडणी त्या गाडीला अगदीच परकी आहे असे म्हणता येणार नाही. तरीही बेंच काढली की तिसऱ्या माणसाची जागा जाते, आणि हे मालकाला कापाकापीच्या आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. मूळ बेंच मात्र मी कधीही मोडीत काढू देत नाही.

या दोन्ही ट्रकमध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनच्या आतच असते. त्यामुळे आधुनिक मोटारीची, मागे कलणारी सीट आणून बसवली तरी तिची पाठ टाकीला अडते आणि कलण्याची सोय नावापुरती उरते. आरामशीर कल हवाच असेल, तर आधी टाकी मागच्या भागात चासीखाली हलवावी लागते. आणि ती हलवायची नसली, तरी जमिनीच्या पत्र्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी ती गाडीतून पूर्णपणे उतरवलीच पाहिजे, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक, घातक असते.

आता मापांविषयी. केबिनच्या रुंदीचे दोन समान भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यावर एक सीट ठेवणे ही फार सामान्य चूक आहे. चालकाच्या सीटची मध्यरेषा स्टिअरिंगच्या मध्याशी जुळली पाहिजे, नाहीतर लांबच्या प्रवासात कंबर सतत किंचित वळलेली राहते आणि दोष गादीला दिला जातो. सोबत्याची सीट तिच्या प्रतिबिंबासारखी दुसऱ्या बाजूला ठेवावी. मग मध्ये जी रुंदी उरेल, ती कन्सोलची. कन्सोलची रुंदी आधी ठरवून सीट दारांकडे ढकलणाऱ्यांच्या गाडीत खिडकीची काच फिरवायचा दांडा गुडघ्याला लागतो. उंची मोजतानाही माणूस बसलेला असावा. फोम वजनाखाली दबतो, आणि रिकाम्या सांगाड्यावर घेतलेले माप प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटरने चुकते. जुन्या ट्रकमध्ये माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, तर मोटारीची सीट पाय पुढे पसरून बसण्यासाठी घडवलेली असते. म्हणून दुसऱ्या गाडीची सीट आहे तशी क्वचितच जमते.

सांगाडा चौकोनी पोलादी नळीचा करावा. मात्र खरे दुखणे सांगाड्यात नसून तो जिथे टेकतो त्या पत्र्यात असते. त्या काळच्या केबिनचा तळ पातळ पत्र्याचा आणि बहुधा गंजलेला असतो, आणि धडकेच्या वेळी बोल्टचे डोके असा पत्रा फाडून वर येते. खालून निदान तीन मिलिमीटर जाडीची रुंद पोलादी पट्टी दिल्यावाचून सीट बसवू नये. सीटबेल्टसाठीही हाच नियम. त्याचा बोल्ट सर्वसाधारणपणे ७/१६ इंचाचा, इंचाला २० आटे असलेला असतो, आणि त्याच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट वापरणे क्षम्य नाही. खांद्यावरचा पट्टा खांद्याच्या खालच्या पातळीवरून येत असेल तर धडकेत तो पाठीचा कणा खाली दाबतो, म्हणून त्याचे वरचे टोक खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर असावे. डोक्याच्या आधाराविषयी मी हट्टी आहे. अमेरिकेत प्रवासी मोटारींना तो १९६९ पासून सक्तीचा झाला, पण या पिकअपच्या बुटक्या पाठींना तो नव्हता. आणि डोक्याच्या मागे लगेच काच असते.

फोम एकाच जातीचा वापरू नये. खाली घट्ट थर, वर सुमारे अडीच सेंटिमीटरचा मऊ थर आणि मांडीखालची पुढची कड किंचित उतरती, एवढे केले तरी पुरते. फोम खोळीपेक्षा थोडा मोठा कापला, तर खोळ ताणून बसते. खोळीच्या प्रत्येक तुकड्यावर जुळणीच्या खुणा करणे कंटाळवाणे वाटते, परंतु त्या खुणांवाचून लांब शिवण शेवटी हमखास एक बोटभर सरकते.

कन्सोल आधी पुठ्ठ्याचा करावा आणि तो गाडीत ठेवून काही दिवस वागून पाहावे. गिअरचा दांडा जमिनीवर असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये तो मागे येतो, आणि पेल्याची खाच नेमकी तिथेच खोदली गेल्याचे मी पाहिले आहे. कोपर टेकण्याची उंची खांदा उचलला जाणार नाही अशी हवी. पुठ्ठा पटला की बारा मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये तोच आकार कापावा आणि खालच्या बाजूला उष्णतारोधक थर द्यावा, कारण गिअरबॉक्सची धग थेट वर येते. चार्जिंगची तार वेगळ्या फ्यूजमधून घ्यावी.

माझा पहिला कन्सोल मी मोठ्या अभिमानाने जमिनीला कायमचा चिकटवला होता. गिअरबॉक्सवरचे झाकण केबिनमधूनच उघडते, हे मला ठाऊक होते. तरीही क्लचचे काम निघाले तेव्हा तो कन्सोल फोडूनच काढावा लागला. त्यानंतरचे सगळे कन्सोल चार बोल्टवर बसतात, आणि त्यांच्या तारांना एकच जोड असतो, जो हाताने सुटतो.